दहा हजार पावलें

माणसानें रोज किती चालावें, असें कोणास विचारलें, तर शहरांतील पुष्कळ लोक क्षणाचाहि विलंब न लावतां 'दहा हजार पावलें' असें सांगतील. हा आंकडा एखाद्या थोर वैद्यानें दीर्घ संशोधनाअंतीं ठरविला असावा, अशी कित्येक श्रोत्यांची समजूत असेल. वस्तुस्थिति निराळी आहे. टोकियो येथें १९६४ सालीं ऑलिंपिक सामने झाले आणि पुढल्याच वर्षीं एका जपानी कंपनीनें कमरेला अडकवावयाचें एक यंत्र विकावयास काढलें. त्याचें नांव 'मान्पो-केइ', म्हणजे दहा हजार पावलांचें मापक. आंकडा गोल होता, जाहिरातींत शोभत होता. आणि एका मालाचें नांव हळूहळू जगाचें ध्येय होऊन बसलें!

पुढें २०१९ सालीं अमेरिकेंत १६,७४१ वृद्ध स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांचें सरासरी वय ७२ होतें. रोज सुमारें २,७०० पावलें चालणाऱ्यांपेक्षां ४,४०० चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचें प्रमाण ४१ टक्क्यांनीं कमी आढळलें. सुमारें ७,५०० च्या पुढें मात्र अधिक लाभ दिसला नाहीं. म्हणजे दहा हजार होत नाहींत म्हणून जी आजी घरींच बसून राहिली, तिचें त्या गोल आंकड्यानें नुकसानच केलें.

शिक्षकांना ही गोष्ट नवी नाहीं. पंचवीस गुण मिळविणाऱ्या मुलाला एकदम ऐंशींचें ध्येय दिलें, कीं तो पाटीच खालीं ठेवतो. त्याला आधीं पस्तीस सांगावे लागतात. पण साठ मुलांच्या वर्गांत प्रत्येकाची नाडी पाहणें एकट्या मास्तरला कोठून जमणार?

नेमकें हेंच काम यंत्राकडून करून घेण्याचा एक प्रयोग अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठाच्या ६४ नोकरांवर दहा आठवडे झाला व २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटाला रोज तेंच दहा हजारांचें ध्येय होतें. दुसऱ्या गटांतील प्रत्येकाचें मागील चालणें खिशांतल्या फोननें अभ्यासिलें आणि त्याला झेपेल, पण किंचित् ताण देईल, असें ध्येय रोज ठरवून दिलें. चालणें दोन्ही गटांचें घटलेंच, हें लपवून चालणार नाहीं. परंतु दुसऱ्या गटाची घट पुष्कळ कमी होती. फरक रोजीं सुमारें ९६० पावलांचा पडला. माणसें थोडीं, मुदत अल्प. तरी ध्येय माणसाच्या मापाचें असावें, या जुन्या अनुभवाला त्यानें दुजोरा दिला.

तथापि असलें यंत्र पावलें मोजतें. गुडघा सुजला आहे कीं घरांत कोणी आजारी आहे, हें त्याला कळत नाहीं. आतां संभाषण करणारीं यंत्रेंहि निघालीं आहेत. 'नातवाला शाळेंत पोंचवावयाचें आहे, पण दम लागतो,' असें सांगितल्यास तीं अंतर विचारून आठवड्याचा बेत आंखून देतात. मात्र बोलणाऱ्याच्या होकारांत होकार मिसळण्याची खोड त्यांना आहे; 'आज राहूं द्या' म्हटलें, तर तींहि 'राहूं द्या' म्हणण्याचा संभव असतो. दम कशानें लागतो, हें डॉक्टरांनाच विचारलें पाहिजे. बाकी शाळा दोन फर्लांगांवर असेल, तर जाऊन येऊन हजार-बाराशें पावलें होतात.