नियम फाइलीचा, सवय आपली

आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही तलाठी कार्यालयात कागद हाती पडला की तो कसा वाचायचा हे त्याच्या माथ्यावरच कळते. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंदवही, सहा म्हणजे फेरफार. तलाठी बदलला तरी रकाने बदलत नाहीत. टेक्स्ट एडिटरकडून माझी मागणी तीच आहे: मांडणीचा नियम फाइलीच्या प्रकारावरून ठरावा, लिहिणाऱ्याच्या सवयीवरून नव्हे. हे नुसते लाड नव्हेत. मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. तिथे स्पेस घातल्या की ‘मेक’ बहुधा ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून अडून बसते. याएमएलमध्ये नेमके उलट, ओळ आत सरकवायला टॅब चालतच नाही. टॅब आणि स्पेसची विसंगत सरमिसळ दिसली तर पायथन 3 प्रोग्राम चालवायलाच नकार देते. या तिन्ही फाइली एकाच प्रकल्पात शेजारी नांदतात, आणि पडद्यावर टॅब नि स्पेस दिसतात सारख्याच!

ब्राम मूलेनार यांनी 1991 मध्ये जगापुढे आणलेल्या विम या एडिटरमध्ये यासाठी विमआरसी फाइलीत ‘फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन’ ही एक ओळ पुरते. पुढे एफटीप्लगइन फोल्डरात प्रत्येक प्रकाराची छोटी फाइल ठेवायची. तिच्यात मात्र ‘सेट’ऐवजी ‘सेटलोकल’ लिहावे. नाहीतर पायथनचा नियम नंतर उघडलेल्या भलत्याच फाइलीला चिकटतो. चारचौघे मिळून काम करत असतील तर हेच नियम डॉट-एडिटरकॉन्फिग फाइलीत, प्रकल्पासोबतच ठेवावेत. नवशिक्याने सगळे हाताने करावे, त्याशिवाय शिकणार कसा, असे काही शिक्षक म्हणतात. स्पेस मोजण्यात कसले शिक्षण आहे, हे मला तरी कळलेले नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: एडिटरचा अंदाज चुकतो. ‘पीएल’ शेपटाची फाइल पर्लची असेल किंवा प्रोलॉगची. मग फाइलीनेच आपला प्रकार सांगावा. विमची मोडलाइन, म्हणजे फाइलीतच लिहिलेली सूचनेची ओळ, त्यासाठीच आहे. पण 2019 मध्ये त्याच मोडलाइनमधली फट उघडकीस आली: मुद्दाम रचलेली फाइल नुसती उघडली तरी तिच्यातल्या आज्ञा चालू शकत. तेव्हा परक्या फाइलींसाठी मोडलाइन बंद ठेवणेच शहाणपणाचे. आणि मराठीत तर अंदाजाचे हातच टेकतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर साध्या ‘टीएक्सटी’ फाइलीत असला, तर एडिटरला दिसतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट कोणता होता हे फाइल सांगत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला 0900 पासून स्वतःची जागा आहे, म्हणून तिथे ही अडचण येत नाही. तेव्हा छापखानेवाल्यांनो, संस्थांच्या चिटणिसांनो, नवे लेखन यूटीएफ-8 मध्येच साठवा. आणि जुन्या फाइलींच्या नावातच फॉन्टचे नाव घाला, ते ठाऊक असलेला ऑपरेटर कामावर आहे तोवर.