एकच वस्तू दोनदा विकण्याची कला

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



परीक्षा संपल्या, मुलं आजोळी पोचली, मामा-मावश्यांचे पाय खेळण्यांच्या दुकानांकडे वळले. अशा दिवसांत तुम्ही मला बाजारावर आणि खेळण्यांवर बोलायला सांगितलंत, हे बरं केलंत. सुरुवात मी किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी मांडलेल्या एका वस्तूपासून करतो. किंडर जॉय. हे प्लॅस्टिकचं अंडं फेरेरो या इटालियन कंपनीचं, आणि कंपनीचा कारखाना आपल्या बारामतीत. अर्ध्या भागात दुधाचं नि कोकोचं क्रीम, त्यात दोन गोळ्या. उरलेल्या अर्ध्यात खेळणं. हे अंडं आपल्याकडे वर्षानुवर्षं दोन वेष्टनांत विकलं गेलं. निळं मुलग्यांसाठी, गुलाबी मुलींसाठी. क्रीम तेच, गोळ्या त्याच. वेगळं काय, तर आतलं खेळणं आणि वरचा रंग. चार वर्षांच्या पोराला वाचता येत नसतं, पण यातलं कुठलं अंडं 'आपलं नाही' ते त्याला नेमकं कळतं.

माझं आजचं म्हणणं थोडक्यात सांगतो. स्त्री-पुरुष भेद बाजाराने जन्माला घातला नाही. तो आपल्या घरात होताच. बाजाराने एवढंच पाहिलं, की हा भेद वस्तूवर चिकटवला की एकच वस्तू एकाच घरात दोनदा विकता येते. साच्यातल्या कल्पनांवर आपण नैतिक चर्चा पुष्कळ करतो. आज मी त्यांचा जमाखर्च मांडणार आहे.

आधी घरच्या बाजूचं कबूल करू. भातुकली मुलींची आणि विटीदांडू मुलग्यांचा, हे कुठल्या जाहिरात कंपनीने ठरवलं नव्हतं. पितळेची चूल, बंब, जातं, पोळपाट-लाटणं यांच्याशी खेळता खेळता पुढच्या संसाराची उजळणी व्हायची, आणि ती मुलीचीच व्हायची. तरी त्या खेळात मोकळीक बरीच होती. बाहुला-बाहुलीच्या लग्नात मुलगे वरपक्षाकडून भांडायला हजर असत आणि चुरमुऱ्यांच्या पंगतीला तर सगळ्यांच्या आधी बसत. सावंतवाडीच्या चितारआळीतलं लाकडी केळं किंवा सीताफळ घेताना ते कुणासाठी, हा प्रश्नच उद्भवत नसे. मोठ्या बहिणीची लाल तिचाकी सायकल रंग उडाला, घंटी गेली, तरी धाकट्या भावाकडे जायची. आता तीच सायकल गुलाबी येते, हँडलला झिरमिळ्या आणि पुढच्या टोपलीवर परी. धाकटा तिच्यावर बसायला तयार नसतो, तो तयार झालाच तर आजी म्हणते, "अरे, मुलीची सायकल काय चालवतोस?" आणि बाप दुसरी सायकल आणतो. कारखानदाराची दुसरी विक्री झाली. त्यासाठी त्याला खर्च किती आला? रंगाचा.

तुम्ही म्हणाल, गुलाबी रंग मुलींना मुळातच आवडतो. मग 1918 साली अमेरिकेतल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने अगदी उलटा सल्ला कसा दिला? गुलाबी ठाम रंग, म्हणून मुलग्यांना. निळा नाजूक, म्हणून मुलींना. जो पाओलेटी या अभ्यासक बाईंनी अमेरिकन बाळांच्या कपड्यांचा हा सगळा इतिहास पुस्तकात मांडला आहे. पण इतकं लांब कशाला जायचं? आपल्या लग्नांत वरबाप आणि मामा गुलाबी फेटे बांधून मिरवतात. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचवणारे गडी नखशिखांत गुलाबी होऊन खाली उतरतात. त्यांच्या मर्दुमकीबद्दल आजवर कुणी शंका घेतल्याचं ऐकिवात नाही. गुलाबी म्हणजे मुलगी, हे समीकरण आपल्याकडे जोतिबाच्या वाटेने आलेलं नाही. ते पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलं.

आणि तेही फार जुनं नाही. एलिझाबेथ स्वीट या समाजशास्त्रज्ञ बाईंनी सिअर्स या अमेरिकन दुकानाचे खेळण्यांचे जुने कॅटलॉग तपासले. 1975च्या कॅटलॉगमध्ये 'मुलग्यांसाठी' किंवा 'मुलींसाठी' असं उघड सांगून विकलेली खेळणी दोन टक्क्यांहूनही कमी निघाली. पुढे 1984मध्ये अमेरिकेत मुलांच्या दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींचे नियम सैल झाले. खेळणं आणि त्याची कार्टून मालिका बरोबरीने विकणं सोपं झालं. तलवारीवाले एका वेळेत, रंगीत घोडुकल्या दुसऱ्या वेळेत. तिकडे सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते आधीच कळतं, त्यामुळे रंगाची खरेदी जन्माआधी सुरू होते. आपल्याकडे लिंगनिदानावर बंदी आहे. महाराष्ट्राने तर 1988मध्येच, देशाचा 1994चा कायदा होण्याआधी, स्वतःचा कायदा केला. त्या कायद्याचं कारण फार वेदनादायक आहे, ते विसरू नये. पण त्यामुळे इथल्या बाजाराला बारशापर्यंत थांबावं लागतं, हेही खरं.

आता किमतीकडे येऊ. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने 2015 साली जवळपास 800 वस्तू जोडीजोडीने तपासल्या: स्त्रियांसाठीची आणि तिच्याशी मिळतीजुळती पुरुषांसाठीची. स्त्रियांची वस्तू सरासरी सात टक्के महाग निघाली. मुलींची खेळणीही मुलग्यांच्या खेळण्यांपेक्षा सात टक्क्यांनी महाग. त्याआधीच बिक कंपनीने 'स्त्रियांसाठी' म्हणून काढलेल्या नाजूक रंगांच्या पेनांची जगभर थट्टा झालेली होती. लोक उपरोधाने विचारत होते, की आजवर आम्ही बायका लिहीत कशा होतो? थट्टा पेनाची झाली. साबण, रेझर आणि डिओडरंट मात्र निवांत विकले गेले. घरी गेल्यावर न्हाणीघरातल्या दोन रेझरांची पाती शेजारी शेजारी ठेवून पाहा.

दोनदा विक्रीचा सगळ्यात चोख नमुना मात्र आपल्या देशातलाच आहे. गोरेपणाचं क्रीम. 'फेअर अँड लव्हली' 1975ला आलं. सावळ्या मुलीला आधी स्थळ मिळत नव्हतं, पुढे नोकरी मिळेना. क्रीम लावलं की दोन्ही मिळू लागलं. तीस वर्षांनी, 2005मध्ये, इमामीने पुरुषांचं क्रीम आणलं. त्याच्या जाहिरातीत बायकांचं क्रीम चोरून लावणाऱ्या तरुणाची टिंगल होती. तर्क बघा कसा आहे. सावळेपणाचा न्यूनगंड तुलाही आहे, याबद्दल दोष नाही. तू तो बायकी डबीतून फेडतोस, याची लाज. 2020मध्ये अमेरिकेतल्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाचे पडसाद उमटले आणि बायकांच्या क्रीमच्या नावातून 'फेअर' गेलं. डबी मात्र फळीवर राहिली.

या उदाहरणात एक गोष्ट दडलेली आहे, जी आपण स्त्रीमुक्तीच्या भाषणात विसरतो. साचा मुलग्यालाही चिमटीत पकडतो, आणि बहुधा जास्त घट्ट. लेगो कंपनीने 2021मध्ये काही देशांतल्या पालकांची आणि मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दुसऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या खेळण्याशी खेळलो तर लोक हसतील, ही धास्ती 42 टक्के मुलींना होती आणि 71 टक्के मुलग्यांना. मुलीने क्रिकेटची बॅट घेतली तर आपण कौतुक करतो. मुलाने बाहुलीला झोपवलं, तर घर एकदम गप्प होतं. या पाहणीबरोबरच लेगोने आपल्या खेळण्यांतला हा भेद काढून टाकण्याचं जाहीर केलं. गंमत अशी, की याच कंपनीने 2012मध्ये खास मुलींसाठी वेगळी मालिका काढली होती, तिच्यावर टीका झाली होती आणि ती दणकून खपलीही होती. म्हणजे विभागणी चालत नाही, असं मी म्हणणारच नाही. ती चालते. म्हणूनच ती टिकते.

आता स्वयंपाकघरात आणि मोरीवर येऊ. दिवसभर टीव्हीवर मसाला, तेल, फिनेल, कपड्यांची पावडर कुणाला विकतात? आईला. डाग पोरगा पाडणार, शाबासकी नवरा देणार, धुणार ती. ऐंशीच्या दशकातल्या सर्फच्या ललिताजी आठवतात? कविता चौधरींनी साकारलेली ती बाई भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, हिशेबाला पक्की होती. जाहिरातीने तिला अक्कल दिली, हे त्या काळात थोडंथोडकं नव्हतं. पण ती अक्कल बादलीपाशी खर्च झाली. 2015मध्ये एरियलने विचारलं, की धुणं हे फक्त बाईचं काम आहे का? प्रश्न चांगला होता. पावडरही खपली. 2021मध्ये कॅडबरीने आपल्या नव्वदच्या दशकातल्या क्रिकेटच्या जाहिरातीत अदलाबदल केली. मैदानात बाई षटकार मारते आणि नाचत आत धावतो तो तिचा मित्र. चॉकलेटच्या चवीत काही फरक पडला नाही.

जाहिरातवाले यावर एक उत्तर देतात आणि ते फेटाळण्यासारखं नाही. ते म्हणतात, "आम्ही समाज दाखवतो, घडवत नाही." केंद्र सरकारच्या 2019च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज 299 मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. आणि घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात शंभरात सव्वीस. मग जाहिरातीत बाईच दिसणार, नाही का? माझं म्हणणं असं, की समाज दाखवायचाच असेल तर ते सव्वीस कुठे आहेत? चारातला एक पुरुष घरात काहीतरी करतो, तो पडद्यावर का येत नाही? कारण तीस सेकंदांत नवं माणूस उभं करायला वेळ नसतो. साचा तयार असतो, प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही. साचा स्वस्त पडतो. इथेही शेवटी हिशेबच.

दुसरा आक्षेप सभेतूनच येईल: स्त्रियांच्या गरजा खरोखरच वेगळ्या नसतात का? असतात. त्यासाठी पुण्याच्या दुचाकींकडे पाहू. 1972मध्ये बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लुना. चेतक बाबा चालवायचे. आई मागे एका बाजूला पाय टाकून बसायची, पोरगं पुढे उभं. गाडी घराची म्हणायची, पण क्लच आणि किक बाबांच्या ताब्यात. 1984मध्ये कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायची सक्ती नाही, बटण दाबलं की सुरू. साडी नेसलेली शिक्षिका, बँकेतली कारकून, कॉलेजची पोरगी स्वतः गाडी काढून निघाली. हा खरा फरक. तो यंत्रात केलेला होता, आणि गुडघे दुखणाऱ्या आजोबांनाही त्याचा फायदा झाला. खऱ्या गरजेची हीच खूण असते: तिच्यावर काढलेला तोडगा इतरांनाही उपयोगी पडतो. रंगाचा तोडगा फक्त विकणाऱ्याच्या उपयोगी.

पुढचं आणखी बोलकं आहे. 2001च्या सुमारास दोन गाड्या आल्या. बजाजची पल्सर 'डेफिनेटली मेल' म्हणत आली, छाती काढून. होंडाची अॅक्टिव्हा असलं काही न सांगता आली. पल्सर खूप खपली, कंपनीला तिने नवं तारुण्य दिलं, हे मान्यच करायला हवं. 2009च्या अखेरीला बजाजने स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. इकडे अॅक्टिव्हा सकाळी मुलगी क्लासला नेत होती, दुपारी आई बाजारात, संध्याकाळी बाबा. 2016च्या पहिल्या सहामाहीत तिने मोटारसायकलींनाही मागे टाकलं आणि ती देशातली सर्वाधिक खपाची दुचाकी ठरली. 2020मध्ये बजाजची चेतक परत आली, विजेवर. सगळ्या घराला एक वस्तू विकणं हाही धंदाच आहे, आणि तो तोट्याचा नाही, एवढंच मला यातून सांगायचं आहे.

नियमांचं थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये घातक साच्यांविरुद्धचा जाहिरात नियम जून 2019ला लागू झाला आणि दोनच महिन्यांत दोन जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. आपल्याकडे मुंबईतली ॲस्की ही जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था 1985पासून आहे. तिने जून 2022मध्ये अशीच मार्गदर्शक तत्त्वं काढली. बाई स्वयंपाक करताना दाखवू नका, असं ती म्हणत नाहीत. ते काम फक्त तिचंच, किंवा एखादी गोष्ट तिला जमणारच नाही, असं दाखवू नका, इतकंच म्हणतात. तिथे तुम्ही-आम्ही कुणीही तक्रार करू शकतो. पण आपण जाहिरात लागली की आवाज बारीक करतो आणि विषय संपवतो.

शाळेने या बाबतीत टीव्हीला मागे टाकलं आहे. बालभारतीच्या 2019च्या दुसरीच्या पुस्तकातल्या चित्रांत आई-बाबा मिळून भाजी निवडताना दिसतात, डॉक्टर बाई दिसते. दुपारी ते चित्र पाहिलेलं मूल संध्याकाळी जाहिरातींत एकट्या आईला ओट्यापाशी पाहतं. दोन्हींपैकी कुठलं खरं, हे ते आपल्या घराकडे बघून ठरवतं. तिथे बाजाराला दोष देऊन आपली सुटका नाही.

म्हणून शेवटी एक साधी सूचना करतो, आणि ती याच सुट्टीत अमलात आणता येईल. भाचरांसाठी खेळणं घ्यायला गेलात की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मुलगा की मुलगी?" उत्तर द्या: "वय सहा. वस्तू खोलून बघायची आवड आहे." तो गडबडेल, पुन्हा विचारेल. तुम्ही पुन्हा वयच सांगा. महिन्याभरात दहा गिऱ्हाइकांनी असं सांगितलं, तर अकराव्याला तो स्वतःहून वय विचारेल आणि फळ्याही तशाच मांडेल. त्याचं मतपरिवर्तन झालेलं नसेल. त्याला माल खपवायचा असेल. बाजाराकडून यापेक्षा जास्त सुधारणेची अपेक्षा मी करत नाही, आणि आपल्या कामाला तेवढी पुरते. बाकीची सुधारणा घरची आहे, तिला दुकान लागत नाही.

आता मतभेद असतील तर ते जरूर मांडा, वेळ राखून ठेवला आहे.