एका पंक्तीचे पथ्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात महिला विभागाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'सकाळची न्याहारी' या विषयावर मी चार शब्द बोलावे, असा आग्रह आपल्या चिटणीसबाईंनी धरला तेव्हा मला प्रथम संकोचच वाटला. मी आहारशास्त्राची पदवीधर नव्हे, की पाककलेवर ग्रंथ लिहिलेली विदुषीही नव्हे. परंतु १९७९ साली यजमानांच्या नोकरीनिमित्त डेहराडूनला आले तेव्हापासून या मंडळाच्या स्वयंपाकघरात मी इतके पोहे भिजविले आहेत, की न्याहारीवर बोलण्याचा थोडासा अधिकार मला त्या पोह्यांनीच दिला असावा. आज मात्र मी पोह्यांविषयी बोलणार नाही. फळे घालून भट्टीत भाजलेल्या ओट्सच्या एका पदार्थाविषयी बोलणार आहे. तो पदार्थ आमच्या घरी कसा आला, हे सांगितल्यावाचून त्याची कृती सांगण्यात अर्थ नाही. म्हणून आधी ती हकीकत सांगते.

२००६ सालच्या जानेवारीत माझ्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला. ईश्वरकृपेने आणि वेळेवर झालेल्या उपचारांमुळे ते वाचले. घरी परतताना डॉक्टरांनी औषधांच्या यादीबरोबर पथ्याचीही यादी दिली आणि तीत सकाळी ओट्स खावेत असे लिहिले होते. मी आज्ञाधारकपणे ओट्सची लापशी करू लागले. पाण्यात शिजविलेली, किंचित मीठ घातलेली, करड्या रंगाची ती लापशी ते रोज मुकाट्याने खात. तक्रार केली नाही. पण तोंडावर रुचीचे चिन्हही नाही. आणि मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रविवारी सकाळी मंडळात जायची वेळ झाली, की त्यांना काही ना काही काम निघू लागले. ज्या माणसाने वर्षानुवर्षे या सभागृहात सतरंज्या अंथरल्या, तो मंडळाकडे फिरकेनासा झाला. एकदा फारच खोदून विचारले तेव्हा म्हणाले, "सगळे पोहे-शिरा खाणार, आणि मी कोपऱ्यात डबा उघडून बसणार. पंक्तीत वेगळे ताट मांडून घेण्यापेक्षा न आलेले बरे."

भगिनींनो, त्या दिवशी मला कळले, की पथ्याने शरीर सुधारते. पण पथ्य एकट्याचे असले तर माणूस मनाने पंक्तीतून उठतो. आपल्या गावापासून शेकडो कोसांवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना पंक्ती म्हणजे केवळ जेवण नव्हे. म्हणून मी मनाशी ठरविले, की यांचे पथ्य सर्वांना आवडेल असे करायचे, म्हणजे ते पथ्य राहणारच नाही.

आता या धान्याची थोडी ओळख करून घेऊ. ओट म्हणजे आपल्या या उत्तरेकडची 'जई'. रब्बीच्या हंगामात पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश या भागांत ती हिरव्या चाऱ्यासाठी पेरतात. आमच्या गवळ्याला मी जई खाते असे प्रथम सांगितले, तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेले नाही. पण त्यात त्याचा दोष नव्हता. डॉक्टर जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी शब्दकोशातदेखील या धान्याची व्याख्या करताना इंग्लंडातील घोडे आणि स्कॉटलंडातील माणसे यांची एकत्र सांगड घालून स्कॉटिश लोकांना टोला हाणलेला आहे. येथे आपल्या मराठी मंडळींचा एक गोंधळही दूर करते. जई म्हणजे ओट, जव म्हणजे आपला सातू आणि जवस म्हणजे आपल्या चटणीतली गळिताची बी. नावे सारखी वाटली तरी तिन्ही वेगळी. आणि इकडच्या दुकानात 'सत्तू' मागाल तर बहुधा भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ हाती पडेल, हेही नव्याने आलेल्या सुनांनी लक्षात ठेवावे.

ओटच्या दाण्यात स्निग्धांश पुष्कळ असतो आणि त्या स्निग्धांशाला खवट करणारे द्रव्यही त्याच दाण्यात असते. म्हणून टरफल काढल्यावर दाण्यांना वाफ देऊन ते द्रव्य निष्क्रिय करावे लागते. असे वाफवलेले दाणे रुळांखाली दाबले, की आपल्याला मिळतात ते चपटे ओट्स. म्हणजे पाहा, भात भिजवून, भाजून, कांडून आपण पोहे करतो, त्याचेच हे दूरचे भावंड!

ओट्समधील बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू पोटात गेल्यावर बुळबुळीत होतो. तो आतड्यातील पित्ताम्ले धरून ठेवतो; ती शरीराबाहेर गेली, की नवी तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जाण्याचा हृदयाच्या आरोग्याशी असलेला संबंध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली मान्य केला. मात्र हे ३ ग्रॅम मिळण्यासाठी सुमारे ७५ ग्रॅम ओट्स लागतात आणि त्यांनी कोलेस्टेरॉल घटते ते पाच-सात टक्क्यांच्या आसपास. म्हणून ओट्स खातो म्हणून गोळ्या बंद केल्या, असे कोणीही करू नये. शिवाय आपल्या सातूतही हाच तंतू आहे, आणि त्याच प्रशासनाने २००६ साली सातूलाही तीच मान्यता दिली. परदेशी ते सारे गुणकारी आणि घरचे ते निःसत्त्व, असा समज त्यामुळे कोणी करून घेऊ नये.

लापशीला पर्याय शोधीत असताना आमच्या कन्येचे पत्र आले. ती त्यावेळी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात शिकत होती. त्या भागात आमिश नावाचा एक साध्या राहणीचा शेतकरी पंथ आहे. त्या लोकांच्या नावाने ओळखला जाणारा, दूध, अंडी, फळे घालून भट्टीत भाजलेला ओट्सचा पदार्थ तिने एका शेजारणीकडे खाल्ला आणि कृती लिहून पाठविली. मी तो आमच्या जुन्या गोल विजेच्या ओव्हनमध्ये करून पाहिला. पहिल्या खेपेस मध्यभागी कच्चा आणि कडेला करपलेला असा तो निघाला, हे प्रांजळपणे सांगते. दुसऱ्या खेपेस तो साधला. त्यावेळी माझ्या सासूबाई आमच्याकडे होत्या. त्या मूळच्या कोकणातल्या. झाकण काढताच दालचिनीचा आणि गुळाचा वास घरभर पसरला. त्या काठी टेकीत स्वयंपाकघरात आल्या, एक तुकडा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं धोंडस!"

क्षणभर मी थक्क झाले. खरेच होते ते. भाजलेला तांदळाचा रवा, किसलेले तवसे, गूळ आणि खोबरे एकत्र करून, पातेल्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून आपल्या आज्या-पणज्या जे धोंडस करीत, त्यात आणि सातासमुद्रापलीकडच्या त्या शेतकऱ्यांच्या न्याहारीत तत्त्व एकच. धान्य, फळ, गोडवा, आणि खालून-वरून मिळणारी मंद आच. त्या दिवसापासून आमच्या घरी या पदार्थाचे नाव 'ओट्सचे धोंडस' असे पडले आणि परकेपणा संपला.

आता कृती सांगते. हे प्रमाण सहा जणांना पुरते.

चपटे ओट्स २०० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन कप घ्यावेत. झटपट शिजणारे बारीक ओट्स घेऊ नयेत, त्यांचा लगदा होतो. त्यांत एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, एक चमचा दालचिनीची पूड आणि मूठभर अक्रोडाचे तुकडे मिसळावेत. दुसऱ्या भांड्यात पावणेदोन कप गार दूध, दोन पिकलेली केळी कुस्करून, ६० ग्रॅम बारीक चिरलेला गूळ आणि दोन मोठे चमचे तेल किंवा पातळ केलेले लोणी एकजीव करावे. गूळ तापत्या दुधात कदापि घालू नये, दूध फाटते. अंडे खाणाऱ्यांनी दोन अंडी फेटून घालावीत. न खाणाऱ्यांनी दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घालावी. ती चिकट होऊन अंड्याचे काम करते.

आठ इंची चौकोनी भांड्याला तुपाचा हात लावून तळाशी एक कप फळांच्या फोडी पसराव्यात, त्यावर ओट्सचे मिश्रण, त्यावर दूध ओतावे आणि वरून आणखी एक कप फोडी घालाव्यात. दहा मिनिटे मुरू द्यावे. ओव्हन आधी १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात ३५ ते ४० मिनिटे भाजावे. भांडे हलविले असता मध्यभाग थरथरू नये, हीच खूण. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबून मगच वड्या पाडाव्यात. घाई केल्यास मोडतात.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी खट्टू होऊ नये. प्रेशर कुकरच्या तळाशी जाड मिठाचा थर द्यावा, त्यावर जाळी किंवा ताटली ठेवावी, रबरी कडे व शिट्टी काढून झाकण लावावे आणि दहा मिनिटे तापवावे. मग आत मावेल असे भांडे ठेवून मंद आचेवर सुमारे पाऊण तास भाजावे. कुकरात पाणी मुळीच घालायचे नाही, हे विसरू नये.

फळांच्या बाबतीत आपण डेहराडूनकर भाग्यवान आहोत. मेअखेरपासून डोंगरांवरून जर्दाळू, अलुबुखार आणि इकडे ज्याला आडू म्हणतात ते पीच येऊ लागते; ही फळे भाजल्यावर फार खुलतात. मात्र ती आंबट असल्याने दुधात कालवू नयेत, फक्त वर पसरावीत. लिची आणि आंबा भट्टीत घालून त्यांची चव घालविण्यापेक्षा वाढताना ताजेच वर घालावेत. पावसाळ्यात नासपती, त्यापुढे सफरचंद, आणि थंडीत पेरू. पेरूच्या बिया तेवढ्या काढाव्यात. कच्चे अननस किंवा पपई दुधात घातली तर मिश्रण कडवट होते. अननस घालायचे असेल तर आधी शिजवून घ्यावे.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. पदार्थ आरोग्याचा म्हणून त्यात हात सैल सोडून गूळ, लोणी, सुका मेवा घातला, तर त्याचे पथ्यपण तेथेच संपले. मी सांगितलेल्या प्रमाणात एका वाटणीस ३३ ग्रॅम ओट्स आणि १० ग्रॅम गूळ येतो. म्हणजे ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनाच्या निम्म्याहूनही कमीच मिळते. उरलेले दुपारच्या-रात्रीच्या जेवणातून, सातूसारख्या धान्यांतून मिळवावे. मधुमेह असणाऱ्यांनी गूळ वगळून केळ्याच्या गोडीवर भागवावे आणि केळीही मोजकीच घालावीत. तरीही वाटीभर रव्याला वाटीभर साखर आणि अर्धी वाटी तूप घेणाऱ्या आपल्या शिऱ्यापेक्षा हे कितीतरी हलके आहे, हे कबूल करावेच लागेल. शिऱ्याचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. सत्यनारायणाच्या दिवशी मीच तो ढवळीत असते!

२००६ सालच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी दोन मोठी भांडी भरून हे धोंडस मंडळात आणले. कोणालाही ते पथ्याचे आहे असे सांगितले नाही. पोह्यांच्या पातेल्याशेजारी ठेवले. मुले आधी धावली, मग त्यांच्या आया, मग पुरुषमंडळी. यजमान दाराशी उभे होते. कोणीतरी त्यांच्या हातात ताटली दिली, आणि ते नेहमीच्या जागी, नेहमीच्या मित्रांमध्ये जाऊन बसले. सर्वांच्या ताटल्यांत तेच, आणि त्यांच्याही ताटलीत तेच. घरी परतताना त्यांनी मला एवढेच विचारले, "पुढच्या रविवारी आडू मिळतील ना?"

ते आज सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि तिसऱ्या रांगेत बसून, मी आपली कहाणी जगजाहीर केल्याबद्दल डोळे वटारीत आहेत.

पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापन झाले तेव्हा येथे येणारी बहुतेक जोडपी तरुण होती. आज आपल्या सभासदांत अनेकांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांनी गाठले आहे. त्यांतले कितीजण ताटामुळे घरी थांबत असतील, याचा आपण कधी विचार केला आहे काय? म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी एक नम्र सूचना आहे. मंडळाच्या प्रत्येक न्याहारीत पोह्यांबरोबर एक तरी पदार्थ असा असावा, की जो आजाऱ्याला चालेल आणि निरोग्याला आवडेल. तो ओट्सचाच असावा असे नाही. सातूचा असो, नाचणीचा असो. तो सर्वांनी खावा, एवढीच अट. पहिल्या रविवारचे ओट्सचे धोंडस मी करून आणीन. दुसऱ्या रविवारी कोण, ते आपण येथेच ठरवावे.