नियंत्रण-कक्षांतील सज्ज मांडणी

आगगाड्यांची ये-जा, विजेचें वाटप, तेलशुद्धीचे कारखाने यांचा कारभार आज नियंत्रण-कक्षांतून चालतो. तेथें चालकापुढें संगणकाचे अनेक पडदे असतात. कोणत्या पडद्यावर कोणतें चित्र असावें, त्याच्या शेजारीं कोणता आलेख असावा, ही मांडणी एकदां ठरवून, तीस नांव देऊन साठवितां येते; आणि पुढें तें नांव निवडतांच ती परत उभी राहते.

ही केवळ सोय आहे, असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीच्या कारखान्याचें उदाहरण पाहा. २४ जुलै १९९४ रोजीं सकाळीं विजांच्या वादळामुळें तेथील काम विस्कळित झालें. एक झडप बंद असून पडद्यावर उघडी दिसत होती. टाकींत द्रव येत राहिला. त्यास वाट मिळेना. सुमारें पांच तासांनीं स्फोट होऊन २६ माणसें जखमी झालीं. स्फोटापूर्वींच्या अकरा मिनिटांत दोघां चालकांवर २७५ धोक्याच्या सूचना कोसळल्या होत्या. आंत किती येतें आणि बाहेर किती जातें, हें एका दृष्टिक्षेपांत दाखविणारें चित्र मात्र त्यांच्यापुढें नव्हतें.

साठविलेल्या मांडणीनें अडकलेली झडप उघडत नाहीं, हें खरें. परंतु संकटांत काय पाहावयाचें, हें संकटांत ठरवितां येत नाहीं. तें स्वस्थ मनानें आधींच ठरवावें लागतें. म्हणून यंत्रें सुरू करण्याची, बंद करण्याची आणि बिघाडाची, अशा निरनिराळ्या मांडण्या तयार असाव्यात, आणि त्या रात्रपाळी करणाऱ्यांस विचारून ठरवाव्यात.

येथें दोन गोष्टी विसरूं नयेत. परत येते ती पडद्यांची रचना. आंकडे मात्र त्या क्षणाचेच हवेत, आणि धोक्याच्या सूचनांची जागा कोणत्याही मांडणीनें झांकूं नये. दुसरें असें कीं, कारखान्यांत नवा पंप बसला तरी जुन्या मांडणीस त्याची वार्ता नसते. म्हणून प्रत्येक फेरफारानंतर ती उघडून तपासावी.

दिवे गेले असतां हाताशीं यावी म्हणून गृहिणी आगपेटी ठराविक कोनाड्यांत ठेविते. परंतु तींत काड्या आहेत कीं नाहींत, हें उजेड आहे तोंच पाहून ठेवावें लागतें.