टेलपर्यंत पाणी, टेलपर्यंत धडा
(उस्मानपुरा येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठक शेतीची आणि आम्ही बोलणार पोरांच्या पुस्तकावर, याचे काहींना नवल वाटेल. पण याच उस्मानपुऱ्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे. खेड्यातली पोरे इथे शिकायला येतात. मार्च 2020 मध्ये शाळा बंद पडल्या, धडा मोबाईलवर आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. तो सगळ्यांना पोचतो का?

जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून परभणीकडे जातो. हेडला पाणी सोडले म्हणजे टेलला पोचले, असे होत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पुस्तक संकेतस्थळावर टाकले, म्हणजे हेडला पाणी सोडले. टेलला कोण आहे? डोळ्यांनी न दिसणारी मुलगी, ऐकू न येणारा मुलगा, आणि घरात एकच जुना मोबाईल असलेले शेतमजुराचे पोर.

अंध विद्यार्थ्याला पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणाली आहेत. एनव्हीडीए तर फुकट मिळते. मग अडते कुठे? मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप केला, की डोळ्याला अक्षर मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात भलत्याच खुणा असतात. यंत्र त्या खुणा वाचते आणि पोरीच्या कानावर अर्थहीन आवाज पडतात. पानाचा फोटो पाठवला तर यंत्राला आधी अक्षरे ओळखावी लागतात. जोडाक्षरांत, गणितात ते चुकते. तोच मजकूर युनिकोडमध्ये असला, की ऐकता येतो, अक्षर मोठे करता येते, ब्रेलमध्ये उतरवता येतो. शिवाय फोटोंपेक्षा तो हलका, म्हणून मजुराच्या जुन्या मोबाईलवरही उघडतो. आधी टेल भिजवला, तर हेड कोरडे राहत नाही.

मूठभर पोरांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. 2012 च्या दुरुस्तीने अपंगांना वाचता येईल अशी प्रत काढायला कॉपीराइटची आडकाठी राहिली नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने असे साहित्य देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण कायदा कागदावर असला म्हणून चारीला पाणी येत नाही. चारीवर माणूस उभा राहावा लागतो.

तो माणूस तुम्हीच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पुढच्या सभेत चार गोष्टी विचारा. मजकूर युनिकोडमध्ये आहे का? आकृतीत काय आहे ते शब्दांत लिहिले आहे का? व्हिडिओखाली बोललेले शब्द लिहून येतात का? आणि साध्या मोबाईलवर तो धडा उघडतो का?

'पाठवले आहे' एवढ्या उत्तरावर उठू नका. शाळेतल्या अंध पोरीला सभेत बोलवा, धडा तिच्या हातात द्या आणि तिला तो ऐकता येतो का, ते सगळ्यांसमक्ष पाहा.