आधी कोपरा शोधा

नागोठणे परिसरातल्या कबड्डी मंडळांनी निवड करताना आधी पकडपटू शोधावेत, असं मला ठामपणे वाटतं. चढाई एकट्याची, पकड मात्र सगळ्या फळीची. कोपरारक्षक घोट्यावर झेपावला, की शेजारच्याने त्याच क्षणी कंबर धरायची. ही जुळणी नुसत्या अंगकाठीतून येत नाही, जोडीने केलेल्या सरावातून येते. म्हणून जोड्या फोडू नयेत. गुण चढाईपटूच आणतो, हा आक्षेप बराचसा खरा. पण एक पकड गुणही देते आणि आपला बाद गडी परतही आणते. मैदानात तीन किंवा कमी गडी उरले असतील, तर प्रो कबड्डीत तिचे दोन गुण मिळतात. २०२३च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणी कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलूईसाठी २.३५ कोटी रुपये मोजले. त्याच हंगामात संघ प्रथमच विजेता ठरला.