कुरकुर करा, पण वेळेवर!
(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात, ज्येष्ठांच्या मदतनिधीसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला पंधरा मिनिटं दिली आहेत. पण भाषणानंतर जेवण आहे आणि मसालेभाताचा वास सभागृहात येऊन पोचलाय, म्हणजे खरं तर आमच्याकडे दहाच मिनिटं आहेत.

आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगतो. आम्ही तिघे. एक निवृत्त, एक कॉम्प्युटरवाला आणि एक शाळेत शिकवणाऱ्या बाई. मंडळात आम्हाला 'हातोडीवाले' म्हणतात. आमच्यापैकी कोणीही प्लंबर नाही की वायरमन नाही. भारतात असताना तर साधा बल्ब बदलायलाही कोपऱ्यावरच्या दुकानातून माणूस बोलावत होतो. इथे आलो, पहिल्यांदा नळाची दुरुस्ती करवली, बिल पाहिलं आणि त्याच संध्याकाळी जाऊन पाना, पक्कड आणि वायसरचं पाकीट घेऊन आलो. कौशल्य नंतर आलं, काटकसर आधी आली.

इथे राहून दुसरी गोष्ट शिकलो ती म्हणजे कुरकुर. या देशात अनोळखी माणसाशी बोलायचं तर हवेबद्दल कुरकुर करायची, ही रीत तुम्हाला ठाऊक आहेच. पाऊस पडला की 'काय हा पाऊस', आणि तीन दिवस ऊन पडलं की 'काय हा उकाडा'. आपणही आता यात पक्के तयार झालो आहोत.

सकाळी आठला डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावावा, तर आठ वाजून एका मिनिटाला 'आपण रांगेत सतरावे आहात' असं ऐकू येतं. आपला नंबर लागेपर्यंत निम्मं दुखणं आपोआप बरं होतं, बहुधा तोच उपचार असावा. सुपरमार्केटात स्वतःच सामान मोजायचं, स्वतःच पैसे द्यायचे, आणि वर ते मशीन सगळ्यांसमोर ओरडतं की पिशवीच्या जागी भलतीच वस्तू ठेवली आहे. भलतीच कसली, कोथिंबिरीची जुडी आहे! गाडी लावायला जावं तर नाणी चालत नाहीत, ॲप उतरवून घ्या म्हणतात, आणि ॲप उतरेपर्यंत दंडाची पावती लागलेली असते. कचऱ्याचे डबे इतक्या रंगांचे, की कोणत्या आठवड्यात कोणता बाहेर ठेवायचा हे शेजाऱ्याचा डबा पाहूनच ठरवतो. शेजारीही आमचा पाहूनच ठरवतो हे परवा कळलं. अख्ख्या गल्लीने चुकीचा डबा ठेवला होता!

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलायची. आमच्या गाडीतलं घड्याळ कसं बदलायचं ते पुस्तकात पान बावन्नवर आहे, आणि पुस्तक सापडत नाही. म्हणून आम्ही ते तसंच ठेवतो. सहा महिने बरोबर असतं, सहा महिने मनात हिशेब करतो. ही आमची पहिली टिप.

आता थोड्या खऱ्या टिपा. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

इथल्या प्रत्येक प्लगच्या पोटात फ्यूज असतो. एखादं उपकरण अचानक बंद पडलं की फेकण्याआधी तो फ्यूज बदलून बघा. टेबललॅम्पसारख्या लहान वस्तूला ३ ॲम्पियर, किटली किंवा हीटरला १३ ॲम्पियर. दिव्याला १३ चा घालून 'चालतंय की' म्हणू नका. वायर तापायच्या आधी फ्यूज उडावा, म्हणून तर तो ठेवलाय.

रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल, तर आत हवा अडकली आहे. हिटिंग बंद करा, थंड होऊ द्या, खाली फडकं धरा आणि वरच्या कोपऱ्यातला स्क्रू रेडिएटरच्या किल्लीने थोडासाच फिरवा. फुस्स आवाज येईल. पाणी ठिबकायला लागलं की लगेच बंद करा. ही किल्ली एक-दोन पौंडांत मिळते. मात्र वरून गरम आणि खालून गार असेल तर आत गाळ साचलाय, तिथे आपलं काम नाही.

खिडक्यांवर सकाळी पाणी आणि कोपऱ्यात काळी बुरशी? कपडे रेडिएटरवर वाळवणं, झाकण न ठेवता भात-वरण शिजवणं आणि पलंग बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवणं ही तीन कारणं पहिल्यांदा तपासा. रोज दहा मिनिटं खिडकी उघडा. थंडी आत येईल ही भीती खरी आहे, पण ओल बाहेर जाईल हेही खरं आहे.

किटलीत पांढरा थर बसतो, त्यासाठी महागडी बाटली नको. आपल्या वाण्याकडचं लिंबूसत्त्व चमचाभर टाकून पाणी गरम करा, अर्धा तास ठेवा, मग दोनदा विसळा. आणि फोडणी दिली की बोंबलणाऱ्या अलार्मला शॉवरची टोपी घालून ठेवणाऱ्यांनी आज हात वर करावेत... पुष्कळच आहेत! टोपी काढा. स्वयंपाकघरासाठी धुराऐवजी उष्णतेवर वाजणारा वेगळा अलार्म मिळतो, तो तिथे लावा आणि धुराचा जिन्याजवळ लावा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या फोडण्या वाचतील आणि घरही वाचेल.

असो. इथवर हसलात, आता ज्यासाठी उभे राहिलो ते सांगतो.

इथल्या जुन्या पिढीच्या इंग्रज माणसाला 'कसं काय' विचारलं तर तो म्हणतो, 'मस्ट नॉट ग्रंबल'. म्हणजे तक्रार करू नये, चाललंय. रांगेबद्दल, पावसाबद्दल, ट्रेनबद्दल तो तासभर बोलेल, पण स्वतःचा गुडघा धरलाय हे सांगणार नाही. आपल्याकडचं 'बरं चाललंय' याच जातीचं आहे. बारीकसारीक गोष्टींची कुरकुर मोठ्याने आणि मोठ्या अडचणीबद्दल गप्प, हे आपल्यालाही फार चांगलं जमतं.

२०२२ च्या डिसेंबरात थंडीची लाट आली होती, आठवतंय ना? त्या वर्षी देशाने तीन पंतप्रधान पाहिले आणि घराघरांत विजेची-गॅसची बिलं पाहून लोकांची झोप उडाली होती. गावोगावी लायब्रऱ्यांनी, चर्चनी 'या आणि ऊब घेत बसा' म्हणून दारं उघडली होती. त्या आठवड्यात आम्ही मंडळाच्या कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी सभासदांना फोन करत होतो. आपल्यातल्या एका काकांनाही केला. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. "काका, कसं चाललंय?" तर म्हणाले, "अरे, घरात महाबळेश्वर झालंय! हवा खायला पैसे पडत नाहीत." आम्ही खो खो हसलो. "बाकी?" "बाकी उत्तम. माझं एक तिकीट ठेव."

पाच दिवसांनी आमच्यापैकी एकजण तिकीट द्यायला गेला. काकांनी दार उघडलं ते ओव्हरकोट, माकडटोपी आणि वर काकूंची शाल अशा वेषात. घरात बोलताना तोंडातून वाफ येत होती. भिंतीवरच्या थर्मामीटरवर ९ डिग्री. बॉयलर सहा दिवस बंद होता. दुरुस्तीवाल्यांनी नाताळानंतरची तारीख दिली होती. विजेचा हीटर होता, पण बिलाच्या धास्तीने फक्त रात्री अर्धा तास लावत होते. "अहो काका, फोनवर सांगायचं नाही का?" तर म्हणाले, "सांगितलं की. महाबळेश्वर झालंय म्हटलं."

त्यांनी निरोप दिला होता. आम्ही तो विनोद समजून हसलो होतो.

दुरुस्ती काय होती ते ऐका. आजकालच्या बॉयलरमधून एक बारीक प्लास्टिकची नळी पाणी टाकायला बाहेर काढलेली असते. कडाक्याच्या थंडीत त्या नळीत बर्फ होतो, पाणी तुंबतं, आणि बॉयलर गुडगुड आवाज करून आपणहून बंद पडतो. आमच्यातल्या बाईंकडे २०१० च्या थंडीत हेच झालं होतं, म्हणून त्यांनी फोनवरून सांगितलं. बाहेरच्या नळीवर कोमट ते गरम पाणी हळूहळू ओतायचं. उकळतं ओतायचं नाही, नळी तडकेल आणि हात भाजेल. नळी उंचावर असेल तर शिडीवर चढायचं नाही. मग बॉयलरचं रिसेटचं बटण दाबायचं. तीन तांबे पाणी लागलं. वीस मिनिटांत बॉयलर सुरू झाला.

सहा दिवसांची थंडी आणि वीस मिनिटांचं काम!

काका काही बोलले नाहीत. आत जाऊन चहा करायला लागले, आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. चहा देताना एवढंच म्हणाले, "तुम्हाला आपापले संसार आहेत. कशाला त्रास द्यायचा." दोन दिवसांनी छातीत कफ झाला म्हणून त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. आठ दिवसांनी घरी आले. थोडक्यात निभावलं, मंडळी. प्रत्येक वेळी निभावतंच असं नाही. ही गोष्ट सांगायला त्यांनी परवानगी दिली आहे, 'फक्त नाव घेऊ नका' म्हणाले.

तेव्हापासून आम्ही फोनवर 'कसं चाललंय' विचारत नाही. त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. आम्ही विचारतो, "घरात किती डिग्री आहे?" १८ च्या खाली घर जाऊ देऊ नये असं इथलं सरकारी आरोग्य खातं सांगतं. मग म्हणतो, "फोन हातात घेऊन रेडिएटरजवळ जा आणि हात लावून सांगा." मग विचारतो, "बॉयलरचा काटा कुठे आहे?" थंड असताना तो १ ते १.५ च्या मध्ये हवा. या तीन प्रश्नांना 'बरं चाललंय' असं उत्तर देता येत नाही.

आणि आमची हद्दही आम्ही ठरवली आहे. गॅसच्या कामाला आम्ही हात लावत नाही. त्यासाठी गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेलाच माणूस बोलवायचा आणि त्याचं ओळखपत्र बघायचं. गॅसचा वास आला तर ०८०० १११ ९९९, वीज गेली तर १०५, हे दोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा. वयस्कर किंवा आजारी माणूस घरात असेल तर वीज-गॅस कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर नाव घाला, ते फुकट असतं. पेन्शन क्रेडिट हक्काचं असूनही पुष्कळ जण मागत नाहीत, कारण फॉर्म पाहूनच घाम फुटतो. हिटिंगच्या सरकारी भत्त्याचंही तसंच. २०२४ मध्ये तो इंग्लंडमध्ये बहुतेक पेन्शनरांचा थांबला, आणि २०२५ मध्ये वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना पुन्हा मिळायला लागला. नियम असे फिरत असतात. फॉर्म आला तर ड्रॉवरमध्ये टाकू नका, आम्हाला दाखवा. आपल्या हक्काचं मागणं म्हणजे भीक नव्हे.

आता पैशांचं. आजच्या निधीतून आम्हाला काय हवंय? एकट्या राहणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या घरी एक थर्मामीटर आणि एक कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. बॉयलर दुरुस्त होईपर्यंत उसने द्यायला तेलाचे चार-पाच हीटर. ज्यांना परवडत नाही त्यांच्या गॅसवाल्याची फी. आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल. आमच्या मजुरीला पैसे लागत नाहीत, चहा आणि चकली पुरते. वीस-पंचवीस पौंडांत एका घरात अलार्म लागतो, हे पाकीट भरताना लक्षात असू द्या.

पैशांइतकीच माणसंही हवी आहेत. पाना धरता आला नाही तरी चालेल. आठवड्यातून दोन फोन करता आले आणि समोरच्याचा विनोद नीट ऐकता आला, तरी पुष्कळ झालं.

आणि ज्येष्ठांना हात जोडून विनंती आहे. काका, काकू, आजी, आजोबा, तुम्ही आम्हाला त्रास देत नाही. आमचे आईवडील पुण्याला, नागपूरला, कोल्हापूरला आहेत. त्यांच्या घरचा नळ गळला तर शेजारचं कोणीतरी धावतं, म्हणून आम्ही इथे निर्धास्त झोपतो. तुमच्याकडे आलो की ते कर्ज थोडंसं फिटतं. तेव्हा कुरकुर करा. मोठ्याने करा, पण वेळेवर करा!

आमची वेळ संपली. ते काका समोरच बसले आहेत आणि भाषण लांबलं, मसालेभात गार होतोय अशी कुरकुर त्यांनी मघापासून चालवली आहे. फार बरं वाटतंय ती ऐकून.

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि पाकीट पेटीत टाकूनच जेवायला चला.